मावळ्याला दुसरा हात

नाटक-सिनेमाची परीक्षणं रोज छापून येतात. दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांची कोण करतो? बारामती-इंदापूरकडची पोरं मातीचा किल्ला रचतात आणि त्यावर बाजारातली रंगीत चित्रं मांडतात. आम्ही बँकेतले. चेकवरची सही जुळवून जुळवून नजर आधी तपशिलावरच जाते.

बाजारचा रंग म्हणजे शंभर मावळे एका दमात उरकलेले. मिशी नाकाखाली असावी एवढीच अट. गालावर सरकली तरी चालते. म्हणून पोरं ते पुन्हा रंगवायला घेतात आणि तिथं दोन पंथ पडतात.

पहिला ऑइलपेंटवाला. जाड हात असा मारतो की डोळे, तलवार, अंगरख्याच्या चुण्या सगळं जमीनदोस्त! चकाकी मात्र इतकी, की गनिमाला मैलावरून दिसावी. दुसरा आधी पॉलिशपेपर फिरवतो. मग पातळ रंग, बारीक ब्रश, चुण्यांत जरा गडद छटा आणि सर्वांत शेवटी डोळे. मावळा एकदम जागा होतो.

२००२ साली अमेरिकेत निघालेल्या हीरोक्लिक्स खेळातल्या कॉमिकच्या बाहुल्याही कारखान्यातूनच रंगून येतात. त्यातला सेंटिनल हा जांभळा यंत्रमानवसुद्धा हौशी मंडळी पुन्हा रंगवतात. म्हणजे रोग सातासमुद्रापार आहे.

आमचा शेरा एवढाच : बाजारचा रंग वाईट नसतो, त्याच्याकडे कुणी नीट पाहिलेलं नसतं. दुसरा हात द्यायचा तो पाहण्यासाठी, झाकण्यासाठी नव्हे. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. तिथल्या पोरांनी तरी नातवाच्या मावळ्यांना आंधळं करू नये. रंग कुठलाही द्या, मावळ्याला किल्ला दिसला पाहिजे.