पाठमोरी माणसे : पॉल हेन्‍री यांच्या एका चित्राविषयी

आयर्लंडच्या पश्चिमेकडील अ‍ॅकिल बेटावर पॉल हेन्‍री (१८७६–१९५८) हे १९१० साली गेले ते पंधरवड्यापुरते. राहिले मात्र १९१९ पर्यंत. त्या वास्तव्याच्या आरंभीचे, १९१०–११ मधील ‘लाँचिंग द करख’ हे तैलचित्र आज डब्लिनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडच्या संग्रहात आहे. करख म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर लावलेले कापड ताणून केलेली हलकी होडी. कोळी ती लाटांत लोटीत आहेत, एवढाच चित्राचा विषय.

रम्य पश्चिम आयर्लंडचे चित्रकार, ही हेन्‍रींची रूढ ओळख. उत्तरकालीन चित्रांवरून बनलेला हा समज प्रस्तुत चित्रावर लादणे अन्यायाचे होय. येथे निसर्ग शोभेसाठी येतच नाही. माणसांचे चेहरे जवळजवळ दिसत नाहीत. दिसतो तो देहांचा एकवटलेला कल. पॅरिसमध्ये शिकलेल्या हेन्‍रींवर मिलेचे ऋण स्पष्ट आहे. परंतु मिलेचा शेतकरी बहुधा आपल्या श्रमात एकटा असतो, तर येथे भार वाटून घेतलेला आहे. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

चेहरे टाळण्यामागे केवळ रचनेची दृष्टी होती असे मात्र समजू नये. आपले चित्र कोणी काढावे हे बेटकऱ्यांना रुचत नसे. हेन्‍रींना पुष्कळदा लपूनच रेखाटने करावी लागत. या अडचणीतून त्यांनी रचना साधली, हे त्यांचे श्रेय.

तरीही एक उणीव राहतेच. अ‍ॅकिलचा संसार केवळ समुद्रावर चालत नव्हता. दरसाल तेथील तरुण मुलेमुली बटाटे काढण्याच्या मजुरीसाठी स्कॉटलंडला जात. १८९४ साली क्ल्यू उपसागरात बुडालेली ३२ माणसे मासेमारीला नव्हे, त्या मजुरीला निघाली होती. समुद्राशी झुंजणाऱ्या वीराची प्रतिमा (सिंग यांच्या नाटकांनी ती हेन्‍रींच्या मनात रुजविली होती) या परावलंबनाला जागा देत नाही. १९१२ च्या ‘द पोटॅटो डिगर्स’मध्ये बटाटे आहेत, पण तेही घरच्या मातीतले.

पुढे डब्लिनला गेल्यावर त्यांच्या चित्रांतून माणसे हळूहळू नाहीशी झाली. निळे डोंगर, ढग आणि पांढऱ्या भिंतींची घरे उरली. १९२० नंतरच्या दशकात रेल्वे कंपनीने पर्यटकांसाठी भित्तिपत्रकावर छापलेले ‘कॉनेमारा’ हे चित्र अशांपैकीच. त्यात घरे आहेत. माणूस एकही नाही.