शेवटून वाचावा असा शिलालेख

जी-आनचा शिलालेख बहुतेकांनी मधूनच वाचला आहे. यालू नदीच्या चीनकडच्या काठावर, जिलिन प्रांतात, ६.३९ मीटर उंचीचा एक ओबडधोबड दगड उभा आहे. प्राचीन कोरियातल्या गोगुर्यो राज्याचा राजा ग्वांगगेतो वारल्यावर त्याच्या मुलाने, जांगसूने, इ.स. ४१४ मध्ये तो उभारला. चारही बाजूंवर मिळून ४४ ओळी आणि सुमारे १,७७५ चिनी अक्षरे आहेत. त्यांतल्या ३९१ सालच्या एका नोंदीवरून जपानी, कोरियन आणि चिनी अभ्यासक शंभर वर्षे भांडले. समुद्र ओलांडून कोण आले आणि कोणी कोणाला मांडलिक केले, हा त्या भांडणाचा विषय. जपानी लष्कराने चुना लावून अक्षरे बदलली, असा आरोप १९७२ मध्ये झाला. चुना लावणारे स्थानिक लोकच होते आणि दगडाचे ठसे स्वच्छ उमटावेत एवढाच त्यांचा हेतू होता, असे पुढे चिनी संशोधक वांग जिआनचुन यांनी दाखवून दिले. या गदारोळात लेखाचा शेवट मागे पडला. माझ्या मते लेखाचा जीव तिथे आहे.

सुरुवात पुराणकथेच्या थाटाची आहे. मूळपुरुष चुमो अंड्यातून जन्मतो. त्याचा पिता स्वर्गाचा अधिपती, आई नदीदेवाची मुलगी. वाटेत नदी आडवी येते, तो हाक देतो आणि पाण्यावर तरंगत आलेल्या कासवांचा पूल होतो. शेवटी पिवळा ड्रॅगन त्याला आकाशात घेऊन जातो. नंतर सूर बदलतो. ग्वांगगेतो अठराव्या वर्षी गादीवर येतो, एकामागून एक स्वाऱ्या करतो, शेजारच्या सिल्ला राज्याच्या मदतीला पन्नास हजारांची फौज धाडतो आणि एकोणचाळिसाव्या वर्षी मरतो. त्याने जिंकलेले ६४ किल्ले आणि १,४०० गावे लेखात मोजून दिली आहेत. कोणत्याही राजाची प्रशस्ती इथे थांबली असती.

हा लेख थांबत नाही. तिसऱ्या बाजूच्या मध्यावर अचानक एक यादी सुरू होते आणि उरलेला दगड, म्हणजे लेखाचा सुमारे एकतृतीयांश भाग, तिने आणि तिच्यामागून येणाऱ्या हुकमांनी व्यापला आहे. अमुक गावची इतकी घरे, तमुक किल्ल्यातली तितकी. कुठून एकच घर, कुठून चार. ही थडग्यांच्या राखणदारांची यादी आहे. एकूण ३३० कुटुंबे. त्यांतली ३० वरच्या दर्जाची, ३०० त्यांच्या हाताखालची. कथा नाही, उपमा नाही, विशेषण नाही. पहिल्या वाचनात हा भाग रुक्ष वाटतो. पण कासवांच्या पुलाला जेवढी जागा दिली, त्याच्या कितीतरी पट जागा शिल्पकाराच्या छिन्नीने या घरांना दिली आहे, हे लक्षात आले की यादी वेगळी दिसू लागते.

यादी संपते आणि मेलेला राजा स्वतः बोलतो, ‘मी’ म्हणून. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: माझ्या पूर्वजांनी थडगी राखण्याचे, झाडण्याचे काम जुन्या प्रजेवरच टाकले. हे लोक या ओझ्याखाली खंगत जातील अशी मला भीती वाटते. तेव्हा माझ्यामागे माझ्या थडग्यासाठी मी जिंकून आणलेले हान आणि ये (दोन्ही कोरियन द्वीपकल्पातल्या जमाती) हेच लोक घ्यावेत. पुढची ओळ मुलाच्या कारभाराची आहे. आज्ञेप्रमाणे हान आणि ये यांची २२० घरे घेतली, पण त्यांना इथली रीत माहीत नसेल या काळजीने जुन्या प्रजेतली ११० घरे पुन्हा जोडली. इथे वाचताना मी दर वेळी अडखळतो. राजाची करुणा खरी आहे, आणि ती आपल्या माणसांपुरतीच आहे. ज्याने गाव जिंकले, घर उठवले, त्याचेच थडगे आयुष्यभर झाडायचे आणि मुलाबाळांनीही झाडायचे, हे त्या २२० घरांच्या वाट्याला आले. लेख त्यांचे दुःख सांगत नाही. पण गावांची नावे नोंदवतो, म्हणून ते दुःख पुसले गेले नाही.

एवढी काळजी कशासाठी? उत्तर ग्वांगगेतोच्या घरातच सापडते. ३४२ मध्ये शेजारच्या राज्याचा राजा मुरोंग हुआंग याने गोगुर्योवर स्वारी केली, डोंगरावरची ह्वांदो नगरी (चिनी लोक तिला वांदू म्हणतात) उद्ध्वस्त केली, पन्नास हजार माणसे धरून नेली आणि मिचॉन राजाचे थडगे उकरून त्याचे प्रेत पळवले. पुढच्या वर्षी खंडणी पाठवून ते प्रेत सोडवून आणावे लागले. हा मिचॉन ग्वांगगेतोचा पणजोबा. लेखात या प्रसंगाचा उच्चार नाही, पण राखणदारांच्या यादीमागे मला तोच दिसतो. उकरलेल्या थडग्याची आठवण ज्या घरात आहे, तिथे नुसत्या दगडी बांधकामावर कोण विसंबेल?

शेवटच्या ओळींत कारभाऱ्याची नजर आहे. पूर्वी थडग्यांपाशी शिलालेख नव्हते, म्हणून कोणती घरे कोणत्या थडग्याची याचा घोळ झाला. ग्वांगगेतोने सगळ्या पूर्वजांच्या थडग्यांपाशी शिळा उभारून घरांची नोंद कोरली. मग कायदा येतो. राखणदारांची खरेदी-विक्री करायची नाही. धनवानालाही ती मुभा नाही. विकणाऱ्याला शिक्षा होईल. विकत घेणाऱ्याला स्वतःलाच थडग्याची राखण करावी लागेल. इथे लेख संपतो. आपल्याकडच्या दानलेखांच्या शेवटी दान मोडणाऱ्याला शाप असतो, दंड देवाच्या हाती सोपवलेला असतो. इथे दंड इहलोकातला आहे आणि तो गुन्ह्यातूनच घडवला आहे: ज्याने राखणदार पळवला, त्यानेच त्याच्या जागी उभे राहायचे. आकाशात चढणाऱ्या ड्रॅगनपासून निघालेला हा मजकूर जमिनीवर, थडग्याच्या दारात येऊन उतरतो. मला हा उतार फार सुंदर वाटतो.

६६८ मध्ये चीनचे तांग साम्राज्य आणि सिल्ला यांच्या युतीने राज्य बुडवले आणि राखणदारही राहिले नाहीत. तेवांगनुंग, म्हणजे ‘महाराजांचे थडगे’, बहुधा ग्वांगगेतोचेच असावे. तिथल्या विटांवर, हे थडगे डोंगरासारखे निर्धोक आणि पर्वतासारखे अढळ राहो, अशी इच्छा उमटवलेली आहे. आज ते सुमारे ६६ मीटर बाजूचा, खडी घसरलेला ढिगारा झाले आहे. जवळचे सात थरांचे जांगगुनचोंग हे थडगे मात्र जवळजवळ शाबूत उभे आहे. शिलास्तंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा नजरेत आला, तेव्हा त्याच्यावरचे शेवाळ काढण्यासाठी शेण थापून आग लावण्यात आली आणि दगडाचे कपचे उडाले. चुना त्यानंतरचा.

थडग्यांच्या आतली भित्तिचित्रे त्याहून नाजूक. जांगचॉन येथील पहिल्या क्रमांकाच्या थडग्यात बुद्धापुढे साष्टांग नमस्कार घालणारे जोडपे होते, आणि शिकारीच्या धामधुमीपासून दूर, झाडाच्या ढोलीत दडून बसलेले एक अस्वल. घोडे उधळले आहेत, बाण सुटले आहेत, आणि ते तिथे निवांत आहे. चित्रकाराला ही जागा राखून ठेवावीशी वाटली, याचे मला अपार कौतुक आहे. २००० च्या सुमारास चोरांनी या थडग्यातली चित्रे भिंतीवरून कापून नेली. चोर नसले तरी धोका टळत नाही. बंद अंधारात दीड हजार वर्षे टिकलेला चुन्याचा गिलावा दार उघडले की हवा, ओल आणि बुरशी यांच्या तावडीत सापडतो. थेट ग्रॅनाइटवर रंगवलेल्या चित्रांवर दमट हवेचे पाणी साचून ओघळते. नदीपलीकडे, उत्तर कोरियातल्या आनाकच्या तिसऱ्या थडग्यात ३५७ सालचा लेख आहे. तिथे अडीचशेहून अधिक माणसांची मिरवणूक आहे, पण माझे मन स्वयंपाकघरात रमते. एक बाई वाफेच्या भांड्यापाशी उभी, एक चुलीपुढे वाकलेली, तिसरी भांडी लावते आहे. बाहेर कुत्री ताटकळली आहेत. रोजच्या कामाची ही लगबग सोळाशे वर्षे दगडावर टिकली.

१ जुलै २००४ रोजी चीनमधल्या सूचौ येथे युनेस्कोने एकाच बैठकीत जागतिक वारसा यादीत दोन स्वतंत्र नोंदी केल्या. उत्तर कोरियातली ६३ थडगी एका नोंदीत, चीनमधली तीन नगरे आणि ४० थडगी दुसऱ्या नोंदीत. राज्य एक, सीमा आजची. गोगुर्यो कोणाच्या इतिहासात बसते, यावरून बीजिंग आणि सोल यांच्यात त्या वर्षी कडवट वाद पेटला होता. तरीही संवर्धनाच्या कामात माणसे सीमा ओलांडत राहिली. उत्तरेतल्या थडग्यांसाठी दक्षिण कोरियाचा निधी युनेस्कोमार्फत गेला आणि २००६ मध्ये दोन्ही कोरियांच्या तज्ज्ञांनी ती एकत्र तपासली. जी-आनमध्ये नामांकनासाठी स्मारकांभोवतीची वस्ती हलवण्यात आली. सोळाशे वर्षांपूर्वी थडग्यांसाठी घरे आणून वसवली होती, आता थडग्यांसाठीच उठवली. त्या कुटुंबांचीही गाववार यादी कुठेतरी नीट जपलेली असावी, असे मला मनापासून वाटते.

२०१२ मध्ये जी-आनजवळच्या माशियान नदीच्या पात्रात आणखी एक शिळा सापडली. हिच्यावरही राखणदारांचाच विषय आहे आणि खरेदी-विक्रीची तीच बंदी. वीस कुटुंबप्रमुखांची नावे पुढच्या पिढ्यांसाठी कोरली आहेत, असे पुढच्या बाजूवर म्हटले आहे. ती नावे मागच्या बाजूवर असावीत, असा अंदाज आहे. गोगुर्योच्या राजांची वंशावळ आपल्याकडे सलग आहे, मला हवी आहेत ती ही वीस नावे. पण मागची बाजू इतकी झिजली आहे की अक्षरांच्या तुरळक खुणांपलीकडे तिथे काही लागत नाही.