जगाचं संगीत, माणसांच्या नावांसह

1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर 27 संगीतरचना आहेत. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी त्यांपैकी एक. यादीत त्यांचं नाव 'सूरश्री' या बिरुदासह नोंदलं आहे. त्याच यादीत झैरेतल्या मुलींचं एक गाणं आहे. तिथे ध्वनिमुद्रण करणाऱ्या कॉलिन टर्नबुल यांचं नाव दिसतं, गाणाऱ्या एकाही मुलीचं नाही. देशोदेशीचे अल्बम निवडताना हा फरक मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कलाकार आपल्या नावानिशी, आपल्या संगीताच्या अटींवर समोर येतो का, हे आधी पाहावं. संग्रह ताजा होतो तो अशा अल्बममुळेच.

1987 मध्ये लंडनच्या एका पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली. आफ्रिकेचे, लॅटिन अमेरिकेचे अल्बम कुठे मांडायचे हे दुकानदारांना कळत नव्हतं. त्यांच्यासाठी 'वर्ल्ड म्युझिक' असा एक कप्पा ठरला. त्या कप्प्यानं अनेक कलाकारांना श्रोते मिळवून दिले, हे मान्यच करायला हवं. पण बल्गेरियातल्या स्त्रियांचं समूहगान आणि झिंबाब्वेची गिटार एकाच फळीवर आली. या सगळ्याची चव एकच असते, असा समज ग्राहकांत रुजला आणि त्या समजावर पुढे मोठा धंदाही झाला.

त्याचं सर्वांत बोचरं उदाहरण सॉलोमन बेटांचं आहे. 1970 मध्ये ह्युगो झेम्प या संशोधकानं मलैता बेटावर अफुनाक्वा नावाच्या बाईची अंगाई ध्वनिमुद्रित केली. 1992 मध्ये 'डीप फॉरेस्ट' या फ्रेंच जोडीनं तो आवाज यांत्रिक ठेक्यावर बसवला आणि ते गाणं जगभर गाजलं. पुढे नॉर्वेच्या यान गारबारेक यांनी तीच चाल सॅक्सोफोनवर वाजवली, तेव्हा शीर्षकात ती 'पिग्मी अंगाई' झाली होती. पॅसिफिक महासागरातली अंगाई मध्य आफ्रिकेच्या नावावर गेली. गाणारीचं नाव एकदा सुटलं की तिचा मुलूखही सुटतो. असे अल्बम कानाला गोड लागतात, पण दोनतीनदा ऐकल्यावर त्यांत नवं काही सापडत नाही. मूळ गाण्यातला श्वास, लय आणि प्रसंग त्यांतून काढून टाकलेला असतो.

याच्या नेमकं उलट पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचं संगीत. तुमानी दियाबाते यांचा 1988 चा 'काइरा' हा अल्बम केवळ एका वाद्याचा आहे. कोरा या 21 तारांच्या वाद्यावर दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या मिळून खर्ज, साथ आणि मुख्य सुरावट एकाच वेळी चालवतात. प्रथम ऐकताना तीन वादक असावेत असं वाटतं. 1999 च्या 'न्यू एन्शंट स्ट्रिंग्ज'मध्ये तुमानी आणि बलाके सिसोको यांनी आपल्या वडिलांच्या पिढीच्या कोरावादनाला मानवंदना दिली. परंपरेचा वारसा सांगणं आणि त्यात स्वतःची भर घालणं, घराण्याच्या गायकीत वाढलेल्या आपल्या श्रोत्यांना हे दोन्ही तिथे सहज ओळखू येईल. 2005 च्या 'इन द हार्ट ऑफ द मून'मध्ये हेच तुमानी अली फार्का तुरे यांच्या गिटारबरोबर बसले. नायजर नदीकाठच्या हॉटेलात, तालमीशिवाय झालेलं हे वादन मी या काळातलं सर्वोत्तम मानतो. दोघांत कोणालाच दुसऱ्यावर मात करायची घाई नाही.

दूरदेशीच्या कलाकारांच्या जुगलबंदीलाही हीच कसोटी लावावी. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचा 1993 चा 'अ मीटिंग बाय द रिव्हर' टिकला, कारण तारेवरून पट्टी सरकवण्याचं तंत्र दोघांचंही आहे. संवादाला खरी जागा होती. 1997 च्या 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब'नं इब्राहिम फेरेर, रुबेन गोन्सालेस या वृद्ध कलाकारांना हक्काचं नाव मिळवून दिलं. तो सुंदरच आहे. मात्र त्याच्या यशानंतर बहुतेक श्रोते जुन्या हवानापाशीच थांबले आणि क्यूबाचं नवं संगीत दुर्लक्षित राहिलं.

मराठी कानाला सर्वांत आधी मी इथिओपियाकडे नेईन. तिथल्या तिझिता या स्वरसमूहाच्या एका रूपात सा रे ग प ध हेच स्वर आहेत. भूप ओळखीचा वाटतो, पण चलन वेगळं, ठहरावाच्या जागा वेगळ्या. त्या वेगळेपणावर कान ठेवला की आपल्या भूपाचीही नवी जाण येते. फ्रान्सिस फाल्सेतो यांनी संपादित केलेल्या 'एथिओपिक' मालिकेतला चौथा खंड मुलातु अस्तात्के यांच्या जॅझचा, तर एकविसावा एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू या जोगिणीच्या पियानोचा. दोन्ही आवर्जून ऐकावेत.

आज नव्या शोधाचं खरं काम पुनर्प्रकाशनात चालू आहे. हायलु मर्गिया हे इथिओपियाचे वादक वॉशिंग्टनमध्ये टॅक्सी चालवत होते. 1985 ची त्यांची कॅसेट 'ऑसम टेप्स फ्रॉम आफ्रिका' या रेकॉर्ड कंपनीनं 2013 मध्ये रीतसर पुन्हा काढली. त्यानंतर ते रंगमंचावर परतले आणि 2018 मध्ये 'लाला बेलु' हा नवा अल्बम आला. जुनं संगीत पुन्हा आणताना जिवंत कलाकाराला त्याचं श्रेय आणि वाटा दिला की काय घडतं, त्याचा हा दाखला आहे.

उलट दिशेनं मोठं नुकसानही होतं आहे. स्ट्रीमिंगवर सगळं सहज मिळतं, पण वेष्टणावरची माहिती गळून गेली. कोण वाजवतंय, कुठे, कोणत्या प्रसंगी, हे न कळताच तुकडे एकापाठोपाठ एक वाजत राहतात. म्हणून मनःस्थितीनुसार जुळवलेल्या याद्या सोडाव्यात आणि एका कलाकाराचा एक पूर्ण अल्बम महिनाभर ऐकावा. स्मिथसोनियन फोकवेज या रेकॉर्ड कंपनीच्या अल्बमच्या माहितीपुस्तिका त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, त्या वाचाव्यात. आवडलेला अल्बम विकत घ्यावा आणि मित्राला सुचवताना देशाऐवजी कलाकाराचं नाव सांगावं. केसरबाईंना जो मान मिळाला, तो प्रत्येक गाणाऱ्याला देणं श्रोत्याच्या हातात आहे.