‘२ आठवडे’ या आकड्याची समीक्षा

स्तनाच्या शस्त्रक्रियेच्या आधी-नंतर चेहऱ्यावरची सौंदर्य-इंजेक्शने केव्हा घ्यावीत, याचे एक पानी माहितीपत्रक माझ्या मावसबहिणीला मिळाले. उत्तर एकच होते: २ आठवड्यांचे अंतर ठेवा. कारण दिलेले नव्हते. आराखड्यावर असे मोजमाप लिहिले तर मी विद्यार्थ्याला ते परत करतो.

पत्रकाने दोन वेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात कोंबल्या आहेत. बोटॉक्स मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा संदेश अडवते. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण ३-४ महिने टिकतो. म्हणजे २ आठवड्यांनी असर ओसरलेला नसतो, उलट तेव्हा तो भरात असतो. भूलतज्ज्ञही स्नायू सैल करणारी औषधे वापरतात, म्हणून त्यांना हे सांगायलाच हवे. पत्रकात त्याचा उल्लेख नाही. फिलर म्हणजे त्वचेखाली भरलेले जेल, बहुधा हायलुरॉनिक आम्लाचे. तिथे प्रश्न सूज, रक्त साकळणे आणि जंतुसंसर्ग यांचा आहे. स्तनात इम्प्लांट बसवायचे असेल, तर शरीरात कुठेही संसर्ग चालू असणे धोक्याचे.

सर्वांत खटकतो तो सूर. दोन्ही तारखा सारख्याच सरकवता येतात, असे पत्रक धरून चालते. केवळ आकार वाढवायचा असेल तर ठीक. बहिणीची शस्त्रक्रिया कर्करोगाची होती. ती तारीख इंजेक्शनसाठी पुढे ढकलायची नसते, थांबायचे इंजेक्शनने. पुढे केमोथेरपी असेल, तर पांढऱ्या पेशी घटतात आणि थांबणे आणखी लांबते. पत्रकात कर्करोग हा शब्दच नाही.