संगीतगृहाचे गुणांकन आणि श्रोत्याचे आसन

लिओ बेरानेक यांचा ‘म्युझिक, अकौस्टिक्स अँड आर्किटेक्चर’ हा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. ५४ संगीतगृहांचे आराखडे व मोजमापे आणि नामवंत वाद्यवृंदसंचालक व समीक्षक यांचे अभिप्राय त्यात एकत्र आले. संगीतगृहाच्या गुणावगुणांची चर्चा केवळ अभिरुचीच्या प्रांतातून शास्त्रीय परीक्षणाच्या कक्षेत आणण्याचे मोठे श्रेय या ग्रंथास द्यावेच लागेल. तथापि त्यातील गुणांकनपद्धतीच्या मुळाशी असलेले एक गृहीत तपासून पाहणे अवश्य आहे. ते असे की, संपूर्ण गृहाचे ध्वनिमूल्य एका आकड्यात सांगता येते.

बेरानेक यांनी १०० पैकी ४० गुण ‘जवळीक’ या एकाच धर्मास दिले आहेत. वाद्याचा ध्वनी सरळ कानी पडल्यानंतर भिंतीवरून किंवा छतावरून परतलेला पहिला ध्वनी किती काळाने पोहोचतो, यावर ही जवळीक ठरते. हा काळ सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागाहून अधिक नसेल, तर पूर्ण गुण. परतणाऱ्या ध्वनीला सरळ ध्वनीपेक्षा सुमारे ७ मीटर अधिक चालावे लागले की एवढा काळ जातो. आता हे अधिक अंतर भिंतीलगतच्या आसनाशी थोडे, तर रुंद गृहाच्या मध्यभागी पुष्कळ असते. म्हणजे जो गुण गृहाच्या नावे जमा होतो, तो वस्तुतः आसनाचा आहे. सज्ज्याखालील मागच्या रांगांची स्थिती आणखी वेगळी. तेथे वरून येणारा निनाद सज्जाच अडवितो.

साक्षीदारांची निवडही विचारात घेतली पाहिजे. वाद्यवृंदसंचालकाचे कान मंचावर असतात आणि समीक्षकास बहुधा चांगले आसन मिळते. शेवटच्या रांगेतील श्रोत्याची साक्ष या दोघांपैकी कोणीही देऊ शकत नाही.

बेरानेक ज्याचे ध्वनिसल्लागार होते, ते न्यूयॉर्कचे फिलहार्मोनिक हॉल १९६२ सालीच उघडले आणि मंद्र स्वर क्षीण असल्याची तक्रार लगेच सुरू झाली. आराखड्यातील फेरबदल व वाढविलेली आसनसंख्या पाहता सारा दोष सल्लागाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु १९६४ साली तेथील संशोधनातून जे निष्पन्न झाले ते मननीय आहे. आसनांच्या रांगांना जवळजवळ समांतर सरकत जाणाऱ्या ध्वनीतील १५० हर्ट्झच्या आसपासचे स्वर त्या रांगांमुळेच दुर्बळ होतात. श्रोता जेथे बसतो ती व्यवस्थाच त्याला काय ऐकू यावे हे ठरविते. १९७६ साली या गृहाचा अंतर्भाग नव्याने बांधला गेला. २०२२ च्या पुनर्रचनेत मंच पुढे आणून आसने सुमारे २२०० पर्यंत घटविण्यात आली.

बर्लिनच्या फिलहार्मोनी गृहाने १९६३ साली निराळा मार्ग स्वीकारला. श्रोते वाद्यवृंदाच्या सभोवती लहानलहान गटांत बसतात आणि गटांमधील ठेंगण्या भिंती जवळच्या आसनांकडे ध्वनी परतवितात. येथे आसनभेद नाहीसा झाला असे मात्र नव्हे. मंचामागील श्रोत्याकडे गायकाची पाठ असते. स्वर पोहोचतो, शब्द पुसट होतो.

दोन गृहांची तुलना करणाऱ्या स्थापत्यविशारदास सरासरी उपयुक्त असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु सरासरीच्या आसनावर कोणीही बसत नाही. म्हणून गुणांकनात उत्तम व निकृष्ट आसनांमधील अंतरही नोंदविले जावे. आणि समीक्षकाने ‘वाद्यवृंद क्षीण वाटला’ असे लिहिताना आपण कोठे बसलो होतो, हेही सांगावे. त्यावाचून तो दोष वादकांचा की जागेचा, याचा निर्णय वाचकास करता येणार नाही.