मान्यता आणि प्रामाण्य

'मान्यता' आणि 'प्रामाण्य' हे दोन शब्द आपल्या बोलण्यात एकमेकांच्या इतके जवळ येऊन बसले आहेत की, त्यांतील भेद विचारल्यास पुष्कळ सुशिक्षितांसही क्षणभर थांबावे लागेल. मान्यता माणसे देतात आणि तीच ती काढूनही घेतात. प्रामाण्य मात्र अनुभवाने व परीक्षेने सिद्ध व्हावे लागते, ते कोणाच्या शिक्क्याने येत नाही व शिक्का पुसल्याने जातही नाही. असे असून, एखाद्या विद्यालयास मान्यता मिळाली म्हणजे तेथे शिकविला जाणारा सिद्धांतही प्रमाण ठरला, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. अमेरिकेतील कायरोप्रॅक्टिक महाविद्यालयांच्या मान्यतेविषयी जे वाद शतकभर झाले, त्यांचे मूळ ह्या समजुतीत आहे. आणि आपल्याकडील आयुर्वेद महाविद्यालयांच्या वादाचे मूळही त्याहून फारसे निराळे नाही.

प्रत्येक विद्यापरंपरेच्या मुळाशी एखादी कथा असते. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेपाशी माघ पौर्णिमेच्या सुमारास निरनिराळ्या राज्यांतील गोंड यात्रेकरू जमतात. त्यांच्या परंपरेत असे सांगतात की, कली कंकालीची तेहतीस मुले ह्या गुहेत कोंडली गेली होती. हिरासुका पाटालीर ह्याच्या वाद्याचा नाद ऐकून त्यांच्या अंगी बळ संचरले, त्यांनी दारावरची शिळा लोटून दिली, आणि तो वादक त्याच शिळेखाली सापडून गतप्राण झाला. पुढे पारी कुपार लिंगो ह्याने त्या मुलांस शिष्य करून विद्या दिली. ह्या शाळेस मान्यता कोणी दिली, असे कोणी विचारीत नाही, व विचारणेही अप्रस्तुत होय. लोकांस एकत्र बांधणे व जगण्याची रीत सांगणे हे त्या कथेचे कार्य, आणि ते ती उत्तम रीतीने करते. ती कोणाच्या रोगाचे निदान करावयास निघालेली नाही.

दुसरी कथा आयोवा संस्थानातील डॅव्हनपोर्ट गावची. सन १८९५ मध्ये डॅनियल डेव्हिड पामर ह्याने हार्वी लिलार्ड नावाच्या, इमारतीची देखभाल करणाऱ्या बहिऱ्या मनुष्याच्या पाठीचा एक मणका दाब देऊन जागी बसविला आणि त्यास ऐकू येऊ लागले, असे पामर सांगत असे. येथेही चमत्कार श्रवणाचाच आहे. परंतु ही कथा कथा म्हणून थांबली नाही. बहुतेक सर्व रोग मणके सरकल्यामुळे होतात, असा सिद्धांत तिच्यातून निघाला आणि दोन वर्षांत त्याची शाळाही उभी राहिली. श्रवणाचा मज्जातंतू पाठीच्या कण्यातून जात नाही, तो मेंदूपासून थेट कानाकडे जातो, ही शरीरशास्त्रातील साधी गोष्ट त्या उत्साहाच्या आड आली नाही. रोग्याच्या देहावर हात ठेवणाऱ्या विद्येला मात्र कथेची सवलत देता येत नाही.

वैद्यकीय शाळांची कठोर झडती घेणारा जो अहवाल अब्राहम फ्लेक्सनर ह्यांनी कार्नेगी संस्थेच्या वतीने सन १९१० मध्ये प्रसिद्ध केला, तो टीकावाङ्मयाचा नमुना म्हणूनही वाचण्यासारखा आहे. फ्लेक्सनर हे डॉक्टर नव्हते, शिक्षक होते. अमेरिका व कॅनडा येथील १५५ शाळा त्यांनी तपासल्या. प्रयोगशाळा आहे काय, रुग्णालय आहे काय, प्रवेशास काय लागते, हे त्यांचे प्रश्न. आणि होमिओपॅथी व ऑस्टिओपॅथी ह्या पंथांच्या शाळांसही त्यांनी तेच प्रश्न विचारले. हा त्यांचा मोठा गुण होय. परंतु कायरोप्रॅक्टिकपाशी येताच त्यांनी परीक्षकाची लेखणी खाली ठेवली व हा विषय सरकारी वकिलाचा आहे असे म्हणून ते पुढे गेले. निषेध कितीही योग्य असला तरी तो परीक्षेची जागा घेऊ शकत नाही. ऑस्टिओपॅथीने फ्लेक्सनरची कसोटी हळूहळू पत्करली, आणि आज अमेरिकेत तिच्या पदवीधरांस इतर डॉक्टरांइतकेच अधिकार आहेत. कायरोप्रॅक्टिकने स्वतःची वेगळी चूल मांडली. कॅन्सस संस्थानाने सन १९१३ मध्ये तिला कायद्याने परवाना दिला होता. महाविद्यालयांची तपासणी करणाऱ्या तिच्या मंडळास मध्यवर्ती सरकारची मान्यता मिळावयास मात्र १९७४ साल उजाडले.

मान्यता मिळाली, पण वाद मिटला नाही. तो घरात शिरला. केवळ मणक्यांचाच उपचार करावा म्हणणारे 'शुद्ध' आणि निदान व इतर उपचारही शिकवावेत म्हणणारे 'मिश्र' असे दोन पक्ष होते. शुद्धवाद्यांनी स्वतःचे निराळे मंडळ काढले, त्यास १९८८ मध्ये मान्यता मिळाली, व ती पाच वर्षांतच गेली. सन २००२ मध्ये जॉर्जियातील लाइफ विद्यापीठाची कायरोप्रॅक्टिक शाखेची मान्यता मूळ मंडळाने काढून घेतली आणि पुढील वर्षी न्यायालयाच्या हुकमाने ती परत द्यावी लागली. हे होईपर्यंत, मध्येच अडकलेल्या विद्यार्थ्यांच्या वर्षांची व पैशांची भरपाई कोणी करावयाची? त्याच्या आधी १९८७ मध्ये, कायरोप्रॅक्टरांवर बहिष्कार घालून अमेरिकन मेडिकल असोसिएशनने व्यापारस्पर्धेचा कायदा मोडला, असा निकाल लागला होता. पुष्कळांनी तो आपल्या सिद्धांताचाच विजय मानला. वस्तुतः न्यायालयाने बहिष्काराचा न्याय केला होता, मणक्यांचा नव्हे.

'शुद्ध' आणि 'मिश्र' हे शब्द महाराष्ट्रीय वाचकांस परके वाटणार नाहीत. मुंबई इलाख्यात १९३८ च्या कायद्याने वैद्य-हकिमांची सरकारी नोंदणी आली. कचारगडचा मुलूख त्या वेळी मध्यप्रांतात असल्यामुळे तो कायदा तेथे लागू नव्हता. परंतु कायद्याची हद्द बदलल्याने हिरड्याचा गुण बदलतो असे कोणी म्हणणार नाही. पुढे १९४८ मध्ये चोप्रा समितीने दोन्ही वैद्यकांचा समन्वय सुचविला, तर १९६३ मध्ये व्यास समितीने शुद्ध आयुर्वेदाचा अभ्यासक्रम पुढे केला. १९७० च्या कायद्याने मध्यवर्ती परिषद आली, आणि २०२० च्या कायद्याने तिच्या जागी आयोग आला. इतक्या समित्या व इतके कायदे झाले. त्यांत अभ्यासक्रम किती वर्षांचा असावा व पदवीधरास कोणते अधिकार असावेत ह्यांची चर्चा विपुल झाली. अमुक औषध अमुक रोगावर खरोखर चालते की नाही, ह्या प्रश्नाला मात्र त्या मानाने फार थोडी जागा मिळाली.

मान्यतेची व्यवस्था निरुपयोगी आहे, असे येथे म्हणावयाचे नाही. ती नसेल तर दोन खोल्या भाड्याने घेऊन कोणीही महाविद्यालयाची पाटी लावील. शिक्षक पुरेसे आहेत, शरीररचना शिकवितात, विद्यार्थ्यास रोगी पाहावयास मिळतात, एवढी हमी हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. परंतु शाळा नीट चालते काय, तिचा सिद्धांत खरा आहे काय, आणि तिच्या पदवीधरास कोणते उपचार करू द्यावेत, हे तीन प्रश्न निराळे आहेत. पहिल्याचे उत्तर मान्यता देते. दुसऱ्याचे उत्तर प्रयोगानेच मिळेल. आणि तिसऱ्याचे उत्तर समाजाने दुसऱ्याच्या आधारे द्यावयाचे आहे. प्रयोगांपुरते पाहिले तर, मणक्यांवरील हस्तोपचाराने कंबरदुखीस थोडाबहुत गुण येतो व तो इतर सामान्य उपचारांइतकाच असतो, असे आढळले आहे. सर्व रोगांचे मूळ मणक्यांत आहे ह्यास मात्र आधार मिळालेला नाही, आणि मानेस झटका देण्यात, विरळा का होईना, रक्तवाहिनीस इजा होण्याचा धोका आहे.

लाइफ विद्यापीठावर जे आक्षेप होते त्यांत एक फार मार्मिक होता: कोणता रोगी आपल्या उपचाराचा नव्हे व त्यास दुसऱ्याकडे केव्हा पाठवावे, हे विद्यार्थ्यांस पुरेसे शिकविले जात नाही. माझ्या मते हीच सर्व वैद्यकशाळांची, ॲलोपॅथीचीही, खरी परीक्षा होय. आपल्या घरातील आजारी माणसास घेऊन आपण दवाखान्यात जातो तेव्हा भिंतीवरचे मान्यतापत्र जरूर वाचावे. परंतु "हे माझ्या आवाक्यातले नाही" असे सांगण्याचे शिक्षण समोरच्या चिकित्सकास मिळाले आहे काय, ह्याचाही शोध घ्यावा. ते त्या पत्रावर लिहिलेले नसते.