अंतर, पडदा आणि आपला विद्यार्थी

मार्च २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी आली, महाविद्यालयांना कुलपे लागली आणि काही दिवसांतच ‘शिक्षण थांबलेले नाही’ असा उद्घोष सुरू झाला. नागपुरात शिकविणारा प्राध्यापक या नात्याने मीही त्या काळात मोबाईलसमोर बसून तास घेतले. त्या आपत्तीत दुसरा मार्ग नव्हता, हे मान्यच आहे. परंतु आपत्तीतील सोय आता धोरण होऊ पाहते आहे. म्हणून या ऑनलाईन शिक्षणाची तपासणी दलित विद्यार्थ्याच्या बाजूने होणे अगत्याचे आहे. ज्यांचे शिक्षण थांबले नाही ते कोण आणि ज्यांचे थांबले ते कोण?

याचे उत्तर टाळेबंदीपूर्वीच सरकारी दप्तरात होते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) संगणक असलेली कुटुंबे ग्रामीण भागात शेकडा ४.४ आणि शहरी भागात २३.४ आढळली. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात शेकडा १४.९ कुटुंबांना होती, तर शहरांत ४२ कुटुंबांना. पुढे मोबाईल वस्तीवस्तीत पोचला हे खरे. पण घरात मोबाईल एक, शिकणारी पोरे तीन, आणि तोच मोबाईल घेऊन बाप सकाळी कामावर जाणार, अशा घरात तास कोण ऐकणार? भावाचा आणि बहिणीचा तास एकाच वेळी आला तर मोबाईल कोणाच्या हाती जातो, हे सांगायला समाजशास्त्रज्ञाची गरज नाही.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शेतकऱ्यांच्या श्रमातून येणारा महसूल सरकार वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर उधळते आणि ते ज्ञान आपोआप खाली झिरपेल अशी आशा बाळगते, यावर त्यांनी नेमके बोट ठेवले. आजची आशा तीच आहे. यंत्र आधी वर पोचेल आणि मग केव्हातरी खाली झिरपेल, असे आपल्याला पुन्हा सांगितले जात आहे. झिरपण्याची वाट पाहण्यात आपल्या किती पिढ्या खर्ची पडल्या, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

दुसरा एक युक्तिवाद अधिक फसवा आहे. पडद्यावर स्पर्श नाही, बाकांची रांग नाही, पाण्याचा माठ नाही. मग तेथे जात कशी राहील, असे काही सुशिक्षित मंडळी विचारतात. जात केवळ स्पर्शात असती तर ती केव्हाच मेली असती. पडद्याच्या कोपऱ्यात आडनाव ठळक दिसते. ‘कॅमेरा सुरू करा’ असा हुकूम येतो तेव्हा विद्यार्थ्याच्या पाठीमागची भिंत, पत्रे, चूल, दाटीवाटीने बसलेली माणसे, सारे वर्गासमोर उघडे पडते. अनेक मुले कॅमेरा बंद ठेवतात आणि आपण त्याला बेशिस्त म्हणतो. एप्रिल २०२१ मध्ये खरगपूरच्या आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींच्या व अपंग विद्यार्थ्यांच्या पूर्वतयारी वर्गात एका प्राध्यापिकेने ऑनलाईन तासालाच त्यांना शिवीगाळ केली. पडद्याने जातीला अडविले नाही; फक्त त्या दिवशी पुरावा मागे राहिला.

आपल्या समाजासाठी वर्ग म्हणजे काय, हे मुळातून समजून घेतले पाहिजे. जाईबाई चौधरी यांनी नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी चोखामेळा कन्याशाळा चालविली. त्यांना स्वतःला मिशनच्या शाळेतील नोकरी सवर्ण पालकांच्या विरोधामुळे सोडावी लागली होती. अशा बाईने शाळा काढणे म्हणजे नाकारलेल्या जागेवर हक्क सांगणे होते. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत आजचे मिलिंद महाविद्यालय उभे केले, तेव्हा वसतिगृह आणि ग्रंथालय यांचाही तितकाच विचार केला. दलित साहित्याच्या चळवळीला बळ मिळाले ते मिलिंदच्या परिसरात, तासांनंतरच्या बैठकांतून. भंडारा, गोंदिया, वर्धा येथील खेड्यांतून नागपूरला येणारा मुलगा नुसता अभ्यासक्रम शिकायला येत नाही. गावाने ठरवून दिलेली त्याची जागा येथे सुटते. वाचनालयात, चहाच्या टपरीवर, मोर्चात त्याला आपल्यासारखे इतर भेटतात. मुलीच्या बाबतीत तर महाविद्यालय हेच घराबाहेर पडण्याचे एकमेव सर्वमान्य कारण असते. तिला मोबाईलवर पदवी मिळेल, पण ती घराबाहेर पडणार नाही.

यंत्राचा द्वेष करावा असे मला म्हणायचे नाही. छापखाना ज्यांच्या हाती नव्हता त्यांनीच पुढे नियतकालिके काढली. कामावरून परतलेल्या बाईला एखादे व्याख्यान रात्री ऐकता येते, खेड्यातल्या तरुणाला शहरातल्या चर्चेत बोलता येते, हा लाभ खराच आहे. परंतु २०२० आणि २०२१ मध्ये दीक्षाभूमीवरचा सोहळा झाला नाही, तेव्हा पडद्यावरून वंदना झाली, मात्र पुस्तकांची दुकाने लागली नाहीत आणि अनोळखी माणसांनी एकमेकांना ‘जयभीम’ केला नाही. संपर्क आणि संघटन यांत हा फरक आहे.

आता धोरणाकडे पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील शेकडा ४० पर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या ऑनलाईन मंचावरून पूर्ण करण्याची मुभा आहे. मुभेची सक्ती व्हायला वेळ लागत नाही. प्राध्यापकांची पदे कार्यभारावर ठरतात. तास पडद्यावर गेले की कार्यभार घटेल, कार्यभार घटला की पदे घटतील आणि पदांबरोबर त्यांतील आरक्षणही मुकाट्याने जाईल. आधीच तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आपल्या उच्चशिक्षित तरुणांना मग कोणत्या दारात उभे करायचे? आरक्षण रद्द करणारा एकही कायदा न करता ते संपविण्याची ही सोय आहे.

म्हणून विद्यार्थी आणि शिक्षक संघटनांनी या प्रश्नावर स्पष्ट भूमिका घ्यावी. ऑनलाईन शिक्षण वर्गाच्या जोडीला असेल, वर्गाच्या जागी नसेल. वसतिगृहे आणि अभ्यासिका वाढल्याच पाहिजेत. मान्य पदे आरक्षणासह भरली पाहिजेत. आणि जेथे पडद्यावर शिकवायचेच असेल तेथे साधन पुरविण्याची जबाबदारी शासनाची असेल, विद्यार्थ्याच्या बापाची नव्हे.